विश्लेषण : पाळी गेल्यानंतरच्या प्रत्येक त्रासावर व्हिटॅमिन डीचे पाकीट हेच उत्तर आहे का?

पंचेचाळिशी-पन्नाशीतली बाई दवाखान्यात जाते. अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने जाग येते, गुडघे धरतात, उगीच रडू येते, असे सांगते. अनेकदा तिच्या हातात कॅल्शियमच्या गोळ्या आणि आठवड्याला एक घ्यायचे व्हिटॅमिन डीचे पाकीट पडते. ‘डी कमी आहे, वयाचे आहे’ एवढ्यावर बोलणे संपते. पूर्णा, परभणी, नांदेड या पट्ट्यात हे चित्र नवे नाही. व्हिटॅमिन डी वाईट आहे असे कोणी म्हणत नाही. पण ते कशासाठी आहे आणि कशासाठी नाही, हे बाईला कोणी सांगत नाही. या पाकिटामागे तिचा मूळ त्रास झाकला जातो, ही खरी अडचण आहे.

रजोनिवृत्तीत नेमके काय होते?

सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे धरतात. भारतीय स्त्रियांमध्ये हे सरासरी ४६-४७ व्या वर्षी होते. पाश्चात्त्य देशांत ते वय ५१ च्या आसपास आहे. म्हणजे आपल्याकडची बाई या टप्प्यावर चार-पाच वर्षे आधी पोचते. तेव्हा तिची मुले अजून शिकत असतात, सासू-सासरे घरात असतात आणि शेतातले काम सुटलेले नसते.

या काळात बीजांडकोशातून येणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होते. मेंदूतले तापमान सांभाळणारे केंद्र त्यामुळे बिघडते आणि अंगातून एकदम वाफा निघतात, घाम फुटतो, छाती धडधडते. झोप मोडते. झोप मोडली की चिडचिड आणि विसराळूपणा वाढतो. योनीमार्ग कोरडा पडतो, लघवीला जळजळ होते, पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग होतो. शेवटच्या तक्रारी बायका सहसा तोंडातून काढतच नाहीत. आणखी एक बदल गुपचूप होतो. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडे वेगाने झिजतात. ते दुखत नाही, दिसत नाही. एखाद्या दिवशी न्हाणीत पाय घसरतो आणि खुबा मोडतो, तेव्हाच कळते.

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाफा, झोप, कोरडेपणा यांचे कारण इस्ट्रोजेनची घट. हाडांच्या झिजेत इस्ट्रोजेनबरोबर कॅल्शियम, व्हिटॅमिन डी, आहार आणि व्यायाम यांचाही हात असतो. आपल्याकडे या दोन्हींवर एकच औषध दिले जाते, आणि गोंधळाची सुरुवात तिथूनच होते.

व्हिटॅमिन डीचे काम काय?

आतड्यांतून कॅल्शियम शोषून घ्यायला व्हिटॅमिन डी लागते. ते फारच कमी झाले तर हाडे मऊ पडतात. मग अंगभर हाडे दुखतात, मांड्यांतली ताकद जाते, खाली बसले की हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता येत नाही, चाल डुलते. अशा बाईला व्हिटॅमिन डी दिले तर खरोखर फरक पडतो, काही आठवड्यांत चालणे सुधारते. म्हणून ‘डी म्हणजे कंपन्यांचा धंदा’ असे सरसकट म्हणणेही चूक आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या शिफारशींनुसार प्रौढ व्यक्तीला रोज ६०० युनिट व्हिटॅमिन डी लागते. रजोनिवृत्तीनंतर स्त्रीला रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. ज्वारीची भाकर, वरण आणि चहातले चमचाभर दूध यांवर दिवस काढणाऱ्या बाईच्या पोटात याच्या निम्मेही कॅल्शियम जाणे अवघड आहे. म्हणजे डीची चर्चा होते तेवढी तिच्या ताटाची होत नाही.

एवढे ऊन असताना कमतरता कशी?

पूर्णा साधारण १९ अंश अक्षांशावर आहे. इथे वर्षभर, हिवाळ्यातही, दुपारी त्वचेत व्हिटॅमिन डी तयार होईल इतके ऊन असते. एप्रिल-मेमध्ये तर पारा चाळिशी ओलांडतो. तरीही शहरांपासून खेड्यांपर्यंत झालेल्या भारतीय अभ्यासांत कमतरता पुन्हा पुन्हा आढळली आहे. उन्हात राहणे आणि त्वचेवर ऊन पडणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यामागचे मोठे कारण.

कापूस वेचणारी बाई दिवसभर उन्हातच असते. पण डोक्यावर पदर, पदरावर रुमाल आणि साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट. तिचा चेहरा आणि तळहात तेवढे उघडे. उन्हापासून, काट्यांपासून आणि फवाऱ्याच्या औषधापासून वाचायचे तर तसे करावेच लागते. तिच्या त्वचेत रंगद्रव्य जास्त, म्हणून व्हिटॅमिन डी बनायला वेळही जास्त लागतो. वय वाढते तशी त्वचेची ही क्षमता घटते. साठीनंतर घराबाहेर पडणेच कमी होते आणि काचेतून आलेल्या उन्हाचा याबाबतीत उपयोग नाही.

एक सोपी खूण लक्षात ठेवता येते. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तेव्हाचे ऊन व्हिटॅमिन डी तयार करते. कोवळे ऊन अंगाला बरे वाटते, पण त्यातून ते फारसे मिळत नाही. हिवाळ्यात अकरा ते दोनच्या दरम्यान हात, पाठ आणि पोटऱ्यांवर वीस-पंचवीस मिनिटे ऊन घेणे पुष्कळ जणींना जमू शकते. उन्हाळ्यात मात्र भर दुपारी बसण्याचा सल्ला पूर्णेत कोणी देऊ नये. तेव्हा साडेनऊ-दहाच्या उन्हातली थोडी मिनिटे पुरेत.

वाफा, झोप, चिडचिड व्हिटॅमिन डीने थांबते का?

आजवरच्या पुराव्यावरून उत्तर ‘नाही’ असेच आहे. अमेरिकेत ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या प्रकल्पात रजोनिवृत्ती झालेल्या ३६,२८२ स्त्रियांना दोन गटांत वाटले. एका गटाला रोज कॅल्शियम आणि ४०० युनिट व्हिटॅमिन डी, दुसऱ्याला औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. त्यातल्या ३४ हजारांहून अधिक जणींच्या रजोनिवृत्तीच्या लक्षणांचा वेगळा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. काही वर्षांनंतर दोन्ही गटांतल्या लक्षणांत फरक दिसला नाही.

या अभ्यासावर आक्षेप घेता येतो. मात्रा कमी होती आणि बऱ्याच स्त्रियांचा वाफांचा काळ ओसरला होता. काही छोट्या अभ्यासांत योनीमार्गाच्या कोरडेपणाला थोडा उतार पडल्याचेही दिसले. पण वाफांवर आणि रात्रीच्या घामावर व्हिटॅमिन डी हे औषध म्हणून लिहावे, इतका भक्कम पुरावा आजवर पुढे आलेला नाही. रक्तात डी कमी असणे आणि वाफा येणे एकाच बाईत एकाच वेळी दिसू शकते. एकामुळे दुसरे होते, असे त्यातून ठरत नाही. डीची कमतरता इतक्या जणींत आहे की कोणत्याही आजाराच्या बाईची तपासणी केली तरी ती सापडेल.

म्हणूनच अमेरिकेतील ‘एंडोक्राइन सोसायटी’ या संप्रेरकतज्ज्ञांच्या संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत निरोगी प्रौढांची सरसकट डी तपासणी करू नये असे सुचवले. ५० ते ७४ वयात रोजच्या गरजेहून जास्त मात्रा सरसकट देऊ नये, ७५ नंतर मात्र पूरक मात्रा द्यावी, असेही त्यात म्हटले आहे. या सूचना परदेशी लोकसंख्येचा विचार करून केल्या आहेत. आपल्याकडे कमतरता जास्त असल्याने त्या जशाच्या तशा लागू होणार नाहीत. पण ‘आधी तपासणी, मग पाकीट’ या चक्रावर त्या बोट ठेवतात. खासगी प्रयोगशाळेत ही तपासणी हजार-दीड हजाराच्या घरात जाते. मजुरीवर जगणाऱ्या बाईची ती काही दिवसांची कमाई आहे. तेवढ्या पैशात दोन-तीन आठवड्यांचे दूध आणि अंडी येतात.

मग हाडांसाठी तरी उपयोग आहे ना?

आहे, पण मर्यादित. वर सांगितलेल्या अमेरिकी प्रकल्पात खुब्याच्या हाडाची घनता किंचित सुधारली. खुबा मोडण्याचे प्रमाण मात्र खात्रीने म्हणता येईल इतके घटले नाही, आणि मूतखडे १७ टक्क्यांनी वाढले. २०२२ मध्ये आलेल्या ‘व्हायटल’ या दुसऱ्या मोठ्या अभ्यासात २५,८७१ लोकांपैकी निम्म्यांना रोज २,००० युनिट डी दिले. त्यातही हाडे मोडणे कमी झाले नाही. मात्र त्या लोकांत मुळात डीची कमतरता फारशी नव्हती. ज्याचे पोट भरलेले आहे त्याला आणखी वाढून उपयोग नसतो, तसेच हे.

पूर्णेतल्या साठीच्या, कमी खाणाऱ्या, घरातच असणाऱ्या बाईचे पोट भरलेले नाही. तिला मोजक्या मात्रेत डी आणि पुरेसे कॅल्शियम मिळालेच पाहिजे. पण ते हाडांच्या काळजीचा एक भाग आहे. चालणे, जिना चढणे, थोडे वजन उचलण्याचा व्यायाम, तोल सांभाळण्याचा सराव, पुरेशी प्रथिने, तंबाखू आणि मशेरी सोडणे हे बाकीचे भाग आहेत. न्हाणीतला गुळगुळीत दगड खडबडीत करणे आणि रात्री उठायच्या वाटेवर दिवा ठेवणे, यानेही खुबा वाचतो.

जास्त घेतले तर बिघडते का?

बिघडते. बाजारातले नेहमीचे पाकीट ६०,००० युनिटचे असते. ते साधारणतः आठवड्याला एक, आठ आठवडे आणि पुढे महिन्याला एक, असे डॉक्टर लिहून देतात. ‘आठवड्याला’ हा शब्द ऐकायचा राहिला आणि पाकीट रोज घेतले, तर रक्तातले कॅल्शियम वाढते. भूक मरते, उलट्या होतात, बद्धकोष्ठ होते, बरळल्यासारखे होते, मूत्रपिंडांना इजा होते. चिठ्ठीविना दुकानातून महिनोन्महिने पाकिटे घेत राहणे म्हणूनच धोक्याचे.

काही ठिकाणी लाखो युनिटचे एकच इंजेक्शन देण्याची पद्धत आहे. ‘सुई दिली की गुण येतो’ या समजुतीला ते सोयीचे पडते. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या २,२५६ स्त्रियांवर झालेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षातून एकदा पाच लाख युनिट डी दिलेल्या गटात पडण्याचे प्रमाण १५ टक्क्यांनी आणि हाडे मोडण्याचे २६ टक्क्यांनी जास्त निघाले. जे वाचवायला औषध दिले, तेच मोडले. थोडे थोडे आणि नेमाने, हाच डीचा सुरक्षित मार्ग.

पिशवी काढलेल्या बायकांचे काय?

मराठवाड्यात रजोनिवृत्तीची चर्चा या प्रश्नाशिवाय पुरी होत नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये गाजला. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढल्याचे आढळले. त्यातल्या कित्येक तिशी-चाळिशीच्या आतल्या होत्या. परभणी जिल्ह्यातील गंगाखेड, सोनपेठ भागातूनही टोळ्या कारखान्यांवर जातात. पूर्णा तालुक्यासाठी हा परका विषय नाही.

गर्भाशयाबरोबर बीजांडकोशही काढले, तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते. पस्तिशीच्या बाईला वाफा, निद्रानाश आणि हाडांची झीज एकदम सुरू होते. नुसते गर्भाशय काढले तरी बीजांडकोश काही वर्षे आधी थकू शकतात. अशा बाईला हृदयविकाराचा आणि हाडे मोडण्याचा धोका जास्त असतो. इतक्या लवकर रजोनिवृत्ती आलेल्या स्त्रीला, दुसरी काही आडकाठी नसेल तर, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरक उपचार द्यावेत, असे वैद्यकीय मार्गदर्शक सूचना सांगतात. तिच्या हातात कॅल्शियम आणि डी टेकवून परत पाठवणे हा तिच्यावर दुसऱ्यांदा झालेला अन्याय आहे.

अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या राज्यांनी तीन महिन्यांत लागू कराव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिला. पुढच्या शस्त्रक्रियांसाठी तो महत्त्वाचा. पण ज्यांची पिशवी आधीच निघाली आहे, त्यांच्या पुढच्या तीस-चाळीस वर्षांचे काय, याची विचारणा कमीच होते.

मग खरे उपाय कोणते?

वाफा आणि रात्रीचा घाम यांवर सर्वांत परिणामकारक उपाय संप्रेरक उपचार हाच आहे. २००२ मध्ये स्तनांच्या कर्करोगाच्या भीतीने तो जगभर मागे पडला. नंतरच्या विश्लेषणात दिसले की साठीच्या आत किंवा रजोनिवृत्तीपासून दहा वर्षांच्या आत सुरू केल्यास बहुतेक निरोगी स्त्रियांना धोक्यापेक्षा फायदा जास्त आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये या औषधांवरचा ठळक चौकटीतला इशारा काढण्याचे जाहीर केले. तरीही हे औषध दुकानातून आपल्या मनाने घ्यायचे नाही. स्तनांचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात, हृदयविकार किंवा यकृताचा गंभीर आजार झालेल्यांना ते सहसा देत नाहीत. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन लागतेच.

ज्यांना संप्रेरके चालत नाहीत, त्यांच्यासाठी वाफा कमी करणारी दुसरी औषधे आहेत. कोरडेपणा आणि लघवीची जळजळ यांवर योनीमार्गात लावायचे इस्ट्रोजेनचे मलम चांगले काम करते. झोपेसाठी समुपदेशनावर आधारलेले उपचार आहेत. वाफांनी हैराण झालेल्या बाईला यातले एकही नाव कानावर पडत नसेल, तर उणीव केवळ तिच्या रक्तात नाही.

शिवाय रजोनिवृत्तीच्या नावाखाली दुसरे आजार लपतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. थकवा, धडधड, चक्कर त्यानेही येते. थायरॉइड बिघडले तरी घाम, वजन आणि मनःस्थिती बदलते. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि रक्तदाब या तपासण्या डीच्या तपासणीआधी व्हायला हव्यात. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसले, अगदी डागापुरते दिसले, तरी थेट स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे. ती कर्करोगाची पहिली खूण असू शकते.

पूर्णेत काय बदलायला हवे?

पूर्णा हे रेल्वेचे जंक्शन. इथून परभणी आणि नांदेड दोन्हीकडे साधारण तीस किलोमीटर. तज्ज्ञ लांब नाहीत, पण पाळी गेलेल्या बाईला ‘तुझ्या त्रासावर इलाज आहे, गाडीत बस’ असे सांगणारे कोणी नसते. सरकारी आरोग्यसेवेत स्त्री दिसते ती गरोदर असेपर्यंत आणि तिचे मूल लहान असेपर्यंत. त्यानंतर ती आशाताईंच्या वहीतूनही निसटते.

राज्याने जानेवारी २०२६ मध्ये सरकारी रुग्णालयांत ‘मेनोपॉज क्लिनिक’ सुरू केली, हे पाऊल स्वागतार्ह आहे. त्यामागे पुढाकार असलेल्या आरोग्य राज्यमंत्री मेघना साकोरे-बोर्डीकर जिंतूरच्या आमदार आणि परभणीच्या पालकमंत्री आहेत. म्हणूनच या जिल्ह्याने ही सेवा जिल्हा रुग्णालयापुरती न ठेवता तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांपर्यंत नेऊन दाखवावी, ही अपेक्षा रास्त ठरते.

त्यासाठी मोठी इमारत लागत नाही. आठवड्यातली एक ठरलेली दुपार, एक प्रशिक्षित डॉक्टर आणि परिचारिका, आडोशाची एक खोली. आशाताईंनी चाळिशीपुढच्या प्रत्येक बाईला तीन प्रश्न विचारावेत. पाळी कधी थांबली? पिशवी काढली आहे का, काढली तर कोणत्या वयात? वाफा, झोप किंवा लघवीचा त्रास आहे का? उत्तरे वहीत आली की गरज आकड्यांत दिसेल. दुकानदारांनी डीचे पाकीट देताना ‘आठवड्याला एकच’ हे तोंडी सांगून वर मराठीत लिहून द्यावे.

आणि घरातल्यांनी? आईची झोप का मोडते, हे विचारावे. दुधाचा एक पेला तिच्याही वाट्याला यावा. तिळाची चटणी, नाचणीची भाकर, अंडे चालत असेल तर अंडे, हे तिच्या ताटात आधी वाढावे. एरवी ती सर्वांचे झाल्यावर उरलेले खाते.

व्हिटॅमिन डी हाडांसाठी आहे. कमतरता असेल तर ते जरूर द्यावे, मोजून द्यावे. पण ‘अंगातून वाफा निघतात’ असे सांगणाऱ्या बाईला पाकीट देऊन गप्प करणे म्हणजे उपचार नव्हे. पुढच्या वेळी चिठ्ठीवर डी लिहिलेले दिसले, तर एक प्रश्न जरूर विचारा: हे हाडांसाठी ना? मग वाफांसाठी काय?